बोर्ड स्वस्त झाला. तो चालू कोण ठेवणार?

"लाल दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." शिक्षकांच्या कार्यशाळांत हे वाक्य मी गेली दहा वर्षे ऐकत आलो आहे. एटीएम कार्डाएवढ्या एका पट्टीवर अख्खा संगणक बसवलेला असतो. प्रोसेसर, मेमरी, यूएसबी, एचडीएमआय, सगळे उघड्यावर दिसते. किंमत लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी. शाळा तो विकत घेते, कोणीतरी उत्साहाने खोका उघडते, आणि आठ दिवसांत तो बोर्ड कपाटात जातो. बहुतेक वेळा बोर्ड बिघडलेला नसतोच.

या लेखात ज्या वादाचा आढावा घ्यायचा आहे तो इथूनच सुरू होतो. स्वस्त सिंगल-बोर्ड संगणक शिकणाऱ्याच्या हाती द्यावा का? द्यायचा तर त्याची मांडणी आणि बिघाडांची दुरुस्ती कोणी करायची? उत्तरे वेगवेगळी मिळतात, आणि प्रत्येक उत्तरामागे काहीतरी अनुभव आहे. उदाहरणासाठी मी मुख्यतः रास्पबेरी पाय घेतला आहे, कारण हा वाद ज्या बोर्डामुळे शाळांपर्यंत आला तो हाच.

सुरुवात

२००६ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. संगणकशास्त्राला अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत होती, आणि येणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी स्वतः प्रोग्राम लिहून पाहिलेला नव्हता. आदल्या पिढीचे तसे नव्हते. १९८१ मध्ये बाजारात आलेला बीबीसी मायक्रो चालू केला की समोर थेट बेसिक भाषेचा प्रॉम्प्ट येई; काही करायचे तर आज्ञा लिहावीच लागे. पुढे घरोघरी आलेला पीसी महाग होता, त्यावर आईवडिलांची कामे असत, मुलाने तो उघडून बघणे कोणालाच परवडत नव्हते. म्हणून असा संगणक हवा होता की जो बिघडला तरी घरात रडारड होणार नाही.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पायची विक्री सुरू झाली. किंमत ३५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण सतराशे रुपये, आयातीचा खर्च वेगळा. ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी. पहिली खेप दहा हजार बोर्डांची होती आणि विक्री सुरू होताच तो विकणाऱ्या दोन्ही वितरकांची संकेतस्थळे कोलमडली. त्याआधीही असे बोर्ड होते. २००८ चा बीगलबोर्ड १४९ डॉलरला मिळे, आणि इटलीतल्या इव्हरिया गावी २००५ मध्ये जन्मलेला आर्डुइनो तर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत रुळलेला होता. मात्र आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आहे. त्यावर एकच प्रोग्राम चालतो, ऑपरेटिंग सिस्टिम नसते, आणि वीज काढली तरी त्याचे काही बिघडत नाही. पायवर पूर्ण लिनक्स चालते. या एका फरकातून पुढचे बहुतेक बिघाड आले, आणि आर्डुइनोची सवय झालेल्या शिक्षकांना तो फरक सहसा कोणी समजावून सांगितलेला नसतो.

नंतरचा प्रवास वेगाने झाला. २०१५ मध्ये चार गाभ्यांचा पाय २ आला, त्याच वर्षी पाच डॉलरचा पाय झिरो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाटला गेला, २०१६ मध्ये बोर्डावरच वायफाय आले, २०१९ मध्ये पाय ४ आणि २०२३ मध्ये पाय ५. पहिल्या बोर्डाला ७०० मिलिअँपिअर पुरत. पाय ५ साठी कंपनी ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवते. ताकदीबरोबर भूकही सातपट वाढली, आणि दुरुस्तीच्या टेबलावर तिचा हिशेब रोज द्यावा लागतो.

वीज

बिघाडांत पहिला मान विजेचा, म्हणून तिथे जरा थांबतो.

बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. पाय ३ आणि ४ सारख्या बोर्डांवर दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि लॉगमध्ये कमी दाबाची नोंद पडते. आता घरातली नेहमीची बारीक केबल घ्या. जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून रोध ०.३ ओहम धरला आणि बोर्डाने १.५ अँपिअर ओढले, तर केबलमध्येच ०.४५ व्होल्ट गळतात. अडॅप्टरने बरोबर ५ व्होल्ट दिले तरी बोर्डापाशी ४.५५ उरतात. म्हणून रास्पबेरीचा स्वतःचा अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो आणि त्याची केबल जाड, पक्की जोडलेली असते. मोबाइलच्या चार्जरने फोन चार्ज होतो, मग बोर्ड का चालत नाही, असे लोक विचारतात. फोनमध्ये बॅटरी आहे. वीज कमी मिळाली तर ती सावकाश भरते. बोर्डाला उसंत नसते. प्रोसेसर जागा झाला, पेनड्राइव्ह चालू झाला, की त्याच क्षणी त्याला जादा प्रवाह हवा असतो.

एका तालुक्याच्या गावी सहा बोर्ड एकाच यूएसबी हबवर लावलेले मी पाहिले. एकटा बोर्ड चालू केला की सुरळीत चाले. सहाही लावले की कोणता तरी एक दर पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होई. शिक्षकांनी तीन वेळा मेमरी कार्ड बदलले होते. टर्मिनलमध्ये 'गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा दिली आणि उत्तरात ५०००५ हा आकडा आला. त्यातला शेवटचा पाच सांगतो की आत्ता दाब कमी आहे आणि त्यामुळे वेग कापला जात आहे. सुरुवातीचा पाच सांगतो की सुरू झाल्यापासून हे कधीतरी घडून गेले आहे. सगळे ठीक असेल तर नुसते शून्य येते. ही एक आज्ञा मी पहिल्या दिवशी शिकवतो, प्रोग्रामिंगच्या आधी.

पाय ५ ने यात नवा पेच आणला. लॅपटॉपचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला तरी तो बोर्ड अडॅप्टर अपुरा असल्याची सूचना देतो. कारण टाइप-सी चार्जर जादा ताकद देतात ती दाब वाढवून, ९, १५ किंवा २० व्होल्टवर. ५ व्होल्टवर बहुतेक चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाहीत. बोर्ड चालतो, पण यूएसबीला जोडलेल्या सगळ्या उपकरणांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. बाहेरची हार्डडिस्क मग अधूनमधून नाहीशी होते, आणि संशय डिस्कवर जातो.

चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते असेही नाही. पाय ४ बाजारात आला तेव्हा काही चांगल्या, महागड्या केबलींवर तो चालूच होत नसे आणि साध्या केबलींवर चाले. टाइप-सी जोडणीतल्या दोन खूणपिनांना प्रत्येकी वेगळा रोधक लागतो, आणि त्या बोर्डावर दोहोंत मिळून एकच टाकला गेला होता. त्यामुळे चिप असलेल्या केबलींमधून चार्जरला समोर भलतेच उपकरण दिसे आणि तो वीज देत नसे. कंपनीने चूक मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत सुधारली. २०१५ चा किस्सा याहून विलक्षण आहे. पाय २ चा झेनॉन फ्लॅशने फोटो काढला की बोर्ड बंद पडे. वीज नियंत्रित करणारी एक उघडी चिप प्रकाशाने चाळवत होती. उपाय असा की त्या चिपवर प्रकाश जाणार नाही असे काहीतरी लावावे. हे शोधून काढले ते आपल्या नव्या बोर्डाचे फोटो काढणाऱ्या एका सामान्य ग्राहकाने. बिघाडाकडे कुतूहलाने पाहण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कार्ड, उष्णता, पिना

विजेनंतर ज्यावर ऑपरेटिंग सिस्टिम असते ते मेमरी कार्ड. पाय ५ येईपर्यंत मुख्य बोर्डावर बंद करण्याचे बटणच नव्हते. लोक सरळ प्लग उपटतात, आणि भारनियमन असलेल्या गावात ते काम महावितरण करते. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली की ज्या फाइलला आपण हातही लावलेला नाही ती खराब होऊ शकते, कारण कार्डाच्या आत डेटा मोठ्या गठ्ठ्यांनी पुसला आणि हलवला जातो. यावर दोन विचार आहेत. कोणी म्हणते छोटा यूपीएस जोडा. कोणी म्हणते कार्ड केवळ वाचण्यापुरते ठेवा. रास्पबेरीच्या सेटिंगमध्येच ओव्हरले फाइल सिस्टिम नावाची सोय आहे, ती चालू केली की सगळे बदल कार्डाऐवजी तात्पुरत्या मेमरीत राहतात आणि वीज गेली तरी कार्ड जसेच्या तसे राहते. शाळेच्या वर्गासाठी मला दुसरा मार्ग बरा वाटतो, फक्त मुलांचे काम पेनड्राइव्हवर साठवायला शिकवावे लागते.

बनावट कार्ड हा वेगळा ताप आहे. वर ६४ जीबी लिहिलेले, आत आठ. भरेपर्यंत ते चालते आणि मग जुन्या डेटावर नवे लिहू लागते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कार्ड घेतले तरी घरी आल्यावर एफ-थ्री या मोफत साधनाने ते पूर्ण भरून, परत वाचून तपासावे.

उष्णतेबद्दल थोडक्यात. चिप ८० अंशांपाशी पोचली की वेग कमी करू लागते. विदर्भात मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर पारा असतो, म्हणजे केंब्रिजच्या टेबलावर साठ अंशांवर राहणारा बोर्ड इथे थेट मर्यादेवर जातो. पाय ४ ला हीटसिंक आणि पाय ५ ला पंखा आपल्याकडे चैन मानू नये.

पिनांची चूक मात्र बोर्ड खरोखर मारते. सेन्सर, दिवे वगैरे जोडण्यासाठी पायवर असलेल्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्यासोबत मिळणारे अंतर मोजण्याचे लोकप्रिय सेन्सर उत्तराच्या तारेवर ५ व्होल्टच पाठवतात. मध्ये एक आणि दोन किलोओहमचे दोन रोधक लावून दाब उतरवला तर काम भागते. दोन रुपयांच्या या रोधकांअभावी जळालेले बोर्ड मी मोजले नाहीत, पण पाहिले आहेत.

बाकीचे किरकोळ: पाय ४ ला दोन एचडीएमआय आहेत, त्यांतल्या वीजजोडणीजवळच्या तोंडात स्क्रीन आधी लावावी. वायफायला देश 'भारत' निवडावा. यूएसबी ३ च्या डिस्कमुळे २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय अडखळते. डिस्क लांब केबलीवर ठेवली की फरक पडतो. इंटरनेट नसलेल्या शाळेत जुन्या बोर्डांचे घड्याळ मागे राहते, कारण त्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही, आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. तारीख दुरुस्त केली की सगळे चालू होते.

माहितीचे वय

आतापर्यंतचे बिघाड धातूचे होते. यानंतरचे कागदाचे आहेत, आणि माझ्या मते आज तेच जास्त बोर्ड कपाटात पाठवतात.

२०१६ च्या शरद ऋतूत मिराई नावाच्या कुप्रोग्रामने कारखान्याचा पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रास्पबेरीने दुरून लॉगिन करण्याची एसएसएच ही सोय मुळातच बंद ठेवून द्यायला सुरुवात केली. एप्रिल २०२२ मध्ये 'पाय' हे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड, जो दहा वर्षे प्रत्येक पुस्तकात छापला गेला होता, तोही काढून टाकला. दोन्ही निर्णय योग्य होते. पण छापील पुस्तिका, महाविद्यालयांच्या प्रयोगवह्या आणि व्हिडिओ बदलले नाहीत. मी स्वतः शिक्षकांना वाटलेल्या माझ्या टिपणात जुना पासवर्ड तसाच होता, आणि नवी इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत, टाकलेल्या वीस बोर्डांसमोर आम्ही अर्धा दिवस घालवला. त्या शिक्षकांतल्या काहींचा बोर्डावरचा विश्वास तिथेच गेला. ती चूक माझी होती.

२०२१ च्या अखेरीस कॅमेऱ्याच्या जुन्या आज्ञा गेल्या. ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीत सेटिंगची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली, वायफायचे नाव-पासवर्ड कार्डावरच्या फाइलमध्ये लिहून ठेवण्याची जुनी युक्ती चालेनाशी झाली, आणि पायथनचे पॅकेज थेट टाकायला गेले की सिस्टिम नकार देऊ लागली; त्यासाठी आता वेगळे व्हर्च्युअल वातावरण तयार करावे लागते. पाय ५ मध्ये पिना वेगळ्या चिपकडे सोपवल्यामुळे पिना चालवण्याची सर्वांत प्रसिद्ध जुनी लायब्ररीही तिथे चालत नाही. म्हणजे 'दिवा लुकलुकवा' हा पहिला धडाच जुन्या पुस्तकाप्रमाणे केला तर नव्या बोर्डावर फसतो. विद्यार्थ्याला वाटते आपले चुकले. हल्ली मुले एआयला विचारतात, आणि तेही अनेकदा जुन्या पुस्तकातलेच उत्तर आत्मविश्वासाने देते.

चार भूमिका

या सगळ्यातून काय निष्कर्ष काढायचा यावर मते विभागली आहेत.

पहिली भूमिका अशी की बिघाड हाच अभ्यासक्रम आहे. बोर्ड चालू न होणे, कारण शोधणे, एकावेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, यातून जे शिकले जाते ते पाठ्यपुस्तकातून येत नाही. संस्थापकांच्या मूळ कल्पनेत हे होतेच, आणि आपल्याकडे याला चांगली परंपरा आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा आग्रह धरला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. या भूमिकेवरचा आक्षेपही तितकाच खरा आहे: पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुले, एक शिक्षक. ज्या मुलाच्या घरी विचारायला कोणी अभियंता आहे त्याला बिघाड शिकवतो. ज्याच्या घरी कोणी नाही त्याच्याबाबतीत तो पुढचे दार लावून टाकतो.

दुसरी भूमिका म्हणते, खोका उघडताच चालले पाहिजे. २०२० मध्ये आलेल्या इमेजर या साधनाने कार्ड तयार करणे पुष्कळ सोपे केले. नाव, पासवर्ड, वायफाय आधीच भरता येते. त्याच वर्षीचा पाय ४०० कीबोर्डच्या आतच बसवलेला आला, अगदी बीबीसी मायक्रोसारखा. तो मांडायला पाच मिनिटे लागतात. पण त्यात बोर्ड दिसत नाही, आणि उघडेपणातून येणारे कुतूहल काहीसे हरवते, असे पहिल्या बाजूचे लोक म्हणतात.

तिसरी भूमिका हिशेबाची आहे. बोर्डाच्या किमतीत अडॅप्टर, कार्ड, पंखा, डबी आणि एचडीएमआयची केबल मिळवा. शिवाय आयातीचा खर्च आणि १८ टक्के जीएसटी. एवढ्यात कार्यालयातून निघालेला जुना पीसी किंवा इंटेल एन१०० चा मिनी पीसी येतो. त्यात डिस्क आहे, बटण आहे, आणि कोणत्याही गावातला दुरुस्तीवाला तो उघडू शकतो. नुसते टंकलेखन, इंटरनेट आणि पायथन शिकवायचे असेल तर मला हे म्हणणे पटते. मात्र त्याला पिना नाहीत. वीज जास्त लागते. बॅटरी किंवा छोट्या सौर पॅनलवर तो दिवसभर चालत नाही, जे बोर्ड चार-पाच वॉटमध्ये करतो. इंटरनेट नसलेल्या गावात कीविक्समधून मराठी विकिपीडिया एका बोर्डावर ठेवून सगळ्या वर्गाला वायफायने देता येतो, आणि ते यंत्र दप्तराच्या कप्प्यात मावते.

चौथी भूमिका उद्योगाची. कारखान्यातले यंत्र, दुकानातला फलक, शेतातला पंप-नियंत्रक, यांच्यासाठी हा बोर्ड सुटा भाग आहे. २०२१ ते २०२३ या चिपांच्या टंचाईच्या काळात कंपनीने औद्योगिक ग्राहकांना प्राधान्य दिले. हौशी लोक आणि शाळा रांगेत मागे गेले आणि काळ्या बाजारात बोर्ड कितीतरी पट महाग झाला. कंपनीचे म्हणणे असे की या ग्राहकांचे धंदे आणि नोकऱ्या त्या बोर्डांवर अवलंबून होत्या, आणि उद्योगातून येणाऱ्या पैशातून रास्पबेरी पाय फाउंडेशन या संस्थेचे शिक्षणकार्य चालते. जून २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आली. त्यानंतर शाळा तिच्या लेखी कुठे राहतील हा प्रश्न अधिक मोठ्याने विचारला जातो.

दुसरे बोर्ड, उघडे आणि बंद

ऑरेंज पाय, बनाना पाय, रॅडक्सा, ओड्रॉइड, यादी लांब आहे. कागदावर त्यांतले अनेक त्याच पैशात जास्त ताकद देतात. अडचण सॉफ्टवेअरची. चिप बनवणारा एकदा कर्नेल देतो आणि पुढच्या चिपकडे वळतो. बोर्ड विकणारा त्यावर इमेज बांधतो आणि तोही पुढे जातो. मग आर्मबियनसारख्या प्रकल्पांतले स्वयंसेवक उरतात. २०१५ मध्ये नऊ डॉलरचा चिप नावाचा बोर्ड लोकवर्गणीतून आला. २०१८ मध्ये कंपनी बुडाली आणि ज्यांनी त्यावर अभ्यासक्रम बांधले ते उघडे पडले. उलट २०१२ च्या पहिल्या पायसाठीही ३२-बिट आवृत्ती आजवर निघत आली आहे. पण रास्पबेरीचेही सगळे उघडे नाही. तिच्या बोर्डाला जाग आणणारे सुरुवातीचे फर्मवेअर बंदच आहे, आणि पूर्ण आराखडे मिळत नाहीत. २०१३ च्या बीगलबोन ब्लॅकचे आराखडे खुले आहेत, बोर्डावरच साठवण आहे, पण समूह लहान आणि वेग कमी. दीर्घ साथ मोठी की पूर्ण मोकळीक, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत. बिघाड शोधायला बसलेल्या शिक्षकासाठी मी साथीला जास्त वजन देतो.

आपल्याकडे सी-डॅकचे वेगा आणि आयआयटी मद्रासचे शक्ती हे रिस्क-व्ही पद्धतीचे प्रोसेसर आहेत. वेगावर आधारलेले एरीज बोर्ड आज आर्डुइनोच्या वर्गात बसतात, पूर्ण लिनक्स संगणकाच्या नव्हे. ती वाट लांबची आहे.

काय सुटलेले नाही

किंमत कोणीकडे जाणार हे ठरलेले नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रास्पबेरीने इतिहासात पहिल्यांदा भाव वाढवला, आणि २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप महागल्यामुळे पुन्हा वाढवला. 'स्वस्त' या शब्दावर उभा असलेला सगळा युक्तिवाद मेमरीच्या बाजारावर टांगलेला आहे.

दुरुस्तीच्या तासांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. अटल टिंकरिंग लॅबसारख्या योजनेत शाळेला साहित्यासाठी आणि चालवण्यासाठी अनुदान मिळते, देशात अशा हजारो लॅब आहेत. पण बंद पडलेल्या बोर्डासमोर बसणाऱ्या शिक्षकाचा वेळ कोणत्या खात्यात धरायचा, यावर पहिल्या तिन्ही भूमिकांकडे नेमके उत्तर नाही. सुरुवात सोपी करणारी साधने आली. चालू ठेवणे सोपे करणारी फारशी आली नाहीत.

आणि भाषा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्ससारख्या विषयांचे धडे मराठीत आणले, ते मोठे काम आहे. ते मांडणी आणि वापर शिकवतात. बिघाडाचे ज्ञान मात्र वेगळ्या जातीचे असते. ते लक्षणापासून सुरू होते, विशिष्ट बोर्डाला आणि विशिष्ट आवृत्तीला चिकटलेले असते, आणि लवकर शिळे होते. ते मराठीत जवळजवळ नाही. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराच्या तोंडी आहे, काही शिक्षकांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

तुमच्या शाळेच्या कपाटात असा बोर्ड पडून असेल तर तो काढा. आधी जाड केबलीचा ५.१ व्होल्टचा अडॅप्टर लावा, मग तपासलेले नवे कार्ड, मग इमेजरमधून ताजी इमेज, आणि बाकी काहीही न जोडता फक्त स्क्रीन. चालला तर एकेक वस्तू जोडत जा. जो बिघाड सापडेल तो वहीत मराठीत लिहा: बोर्ड कोणता, आवृत्ती कोणती, काय दिसले, काय केल्यावर गेले. आणि वर तारीख घाला, म्हणजे दोन वर्षांनी ती वही उघडणाऱ्या शिक्षकाला तिच्यावर किती विसंबायचे ते कळेल.